सातच्या पोटातली रेघ

थंडर बे. उणे सत्तावीस.
सुपीरियर सरोवरावरून आलेला वारा
शटरच्या रबरी पट्ट्या फडफडवतोय.
अकराला शेवटची गाडी गेली, एक पिकअप,
चाकांच्या कमानीत रस्त्यावरचं मीठ
पापुद्र्यांनी साचलेलं.
आता बोगद्यात मी
आणि ठिबकणारे ब्रश.

आधी पाणी सोडायचं, मग हवा मारायची,
नळी न् नळी
शेवटचा थेंब खोकून टाकेपर्यंत.
आत राहिलेल्या थेंबाची पहाटे पाचर होते.
हे आर्मासनं पहिल्याच रात्री सांगितलं.
बाकीचं सांगायला त्यानं सहा हिवाळे घेतले.

"नळी मधे मरत नाही.
तोंडाशी मरते, पितळेत शिरते तिथं."
म्हणून वळण घाईचं नको.
लोखंडाला अंग घासेल अशी बसवू नको.
घासणारच असेल तर बाही चढव.
"दाब आला की ती आखडते, बोटभर. तेवढी ढील ठेव."
मी विचारलं, माणसांना ठेवतो तशी?
"माणसांचं मला माहीत नाही."

नळीच्या अंगावर कारखान्यातून
छापून येते एक रेघ.
ती सरळ धावली तर ठीक.
वेलीसारखी चढत गेली तर समजायचं,
आवळणाऱ्यानं पान्याबरोबर नळीही पिळली आहे,
आणि दर गाडीला ती पीळ सोडवायला धडपडणार,
दिवसाला दोनशे वेळा,
शनिवारी चारशे.

ड्वेननं एकदा घाईत
प्लॅस्टिकच्या पट्टीनं नळी खांबाला करकचून बांधली.
आठ दिवसांत पट्टीनं रबर कापलं.
आर्मास ओरडला नाही.
कापलेला तुकडा ड्वेनच्या कोटाच्या खुंटीवर
टांगून ठेवला, महिनाभर.
ड्वेन कोट खुर्चीवर टाकायला लागला.

आणि त्याचा डावा अंगठा.
सुईएवढं भोक, दिसेना,
म्हणून तरुणपणी त्यानं चाचपून पाहिलं होतं.
पाणी कातडीखाली शिरून थेट मनगटापर्यंत गेलं.
गळती शोधायची तर पुठ्ठ्यानं,
हे सांगताना तो अंगठा दाखवायचा नाही,
फक्त पुठ्ठा पुढं करायचा.

ऑक्टोबरात तो गेला. यकृत. तीन आठवडे.

फिरत्या दांड्याच्या नळीवर
पांढऱ्या मार्करनं त्याची तारीख आहे:
१७ जानेवारी, बदल.
आकडे इंग्रजी, सातच्या पोटातून आडवी रेघ,
फिनलंडहून आलेल्या त्याच्या आईची.

आज सतरा.
मालकीणबाई दुपारी टॉर्च मारून म्हणाल्या,
चांगली तर दिसतेय, मेपर्यंत चालेल की.
चांगली दिसतच होती. काळी, तुकतुकीत,
कुठं भेग नाही, फुगवटा नाही.
मी हो म्हटलं,
आणि त्या गेल्यावर पाना काढला.

काढलेली नळी कापायचीच, हा त्याचा नियम,
नाहीतर अडल्या वेळी कुणीतरी परत लावतं.
करवत तोंडापासून चार बोटांवर धरली.
आत तारांचं विणकाम
चहाच्या गाळासारखं तपकिरी.
मीठ पितळेच्या फटीतून शिरलं असणार,
कधीपासून, कोण जाणे.
धड तारा मी मोजल्या. अकरा.

रडले वगैरे नाही.
दोन्ही हात ग्रीसनं भरले होते.

नवी बसवली. रेघ टॉर्चनं पाहिली, सरळ.
लांब उभी राहून दाब दिला,
ती आखडली, ढिलीतून बोटभर घेतलं,
आणि गप्प झाली.
पुठ्ठा सगळीकडून फिरवला. कोरडा.
मग पुन्हा हवा, पुन्हा तो खोकला.

मार्कर गोठला होता.
काखेत धरून उभी राहिले
तोही राहायचा तशी, बावळटासारखी,
शाई सुटेपर्यंत.
पुढची तारीख घातली.
माझा सात साधाच,
रेघेशिवाय.

जुन्या नळीचे तुकडे भंगाराच्या पिंपात टाकले,
तारखेचासुद्धा.
उद्या सहाला बर्फ ढकलणारे ट्रक येतील,
सगळ्यात जास्त मीठ त्यांच्यावरच असतं.